अनवाणी घोड्यासाठी हूफ बूट कसे निवडावेत: मापापासून पहिल्या लांब रपेटीपर्यंत

माझ्या घोडीचे पहिले हूफ बूट, म्हणजे नालेऐवजी खुरावर चढवायचे बूट, पाचव्याच दिवशी हरले. एक चिखलात रुतून राहिला. दुसरा पायातच गरागरा फिरला आणि टाच पुढे, टोक मागे अशा अवस्थेत तबेल्यापर्यंत आला. मी रीतसर बुटाला नावं ठेवली. नंतर कळलं की बुटात काही खोट नव्हती. माप मी खूर तासायच्या आदल्या आठवड्यात घेतलं होतं, तेही शिवणकामाच्या कापडी टेपने. बूट आले तोवर खूर तासून झाला होता, म्हणजे ज्या खुराचं माप मी पाठवलं तो खूर आता अस्तित्वातच नव्हता.

त्यानंतर बऱ्याच घोड्यांना बूट बसवून पाहिले. आता कुणी विचारलं, "कुठल्या ब्रँडचे घेऊ?" तर मी उलट विचारतो, "खूर शेवटचा कधी तासला, आणि तो गोल आहे की लांबट?" या दोन प्रश्नांची उत्तरं नसतील तर ब्रँडवर बोलण्यात अर्थ नाही. सवलतीत मिळाले म्हणून बूट घेणं म्हणजे नाल सापडली म्हणून घोडा विकत घेण्यातला प्रकार. इथे घोडा आधीच दारात उभा असतो एवढाच फरक.

बूट खरंच लागणार आहेत का?

नाल नसलेल्या प्रत्येक घोड्याला बूट लागतात असं नाही. मऊ जमिनीवर, मैदानात, हलक्या कामावर असणारा आणि खूर चांगले असलेला घोडा जन्मभर अनवाणी राहू शकतो. बूट लागतात ते तीन प्रसंगी: खूर वाढतो त्याहून जास्त झिजत असेल, खडी-दगडांवर घोडा पाय चोरत चालत असेल, किंवा नाल नुकतीच काढली असेल आणि तळव्याला अजून सवय झाली नसेल.

खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो. वरच्या केसांच्या रेषेपासून टोकापर्यंत पूर्ण नवा खूर यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. रोजच्या रपेटीत डांबरी रस्ता किंवा खडी असेल तर झीज या वेगाला सहज मागे टाकते. तळव्याची जाडी एक्स-रेवर मोजता येते आणि ती 15 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तो तळवा पातळ धरतात. अशा घोड्याला "चालून चालून पाय टणक होईल" म्हणत दगडांवर फिरवत राहणं क्रूरपणाचं आहे. दुखऱ्या पायाने घोडा चुकीचा चालतो आणि चुकीचं चालून पाय सुधारत नाही.

तो चुकीचा चालतोय हे ओळखायचं कसं? कडक, सपाट जागेवर एखाद्याला घोडा हाताने चालवायला सांगा आणि तुम्ही बाजूने, खुराच्या उंचीवर वाकून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा. निरोगी खूर सावकाश चालीत आधी टाचेवर किंवा सपाट टेकतो. टोक आधी टेकत असेल तर खुराचा मागचा भाग दुखतोय किंवा कमकुवत आहे. हे चित्रीकरण जपून ठेवा. बूट घातल्यावर पुन्हा तेच करायचं आहे आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायचं आहे. बूट चांगला आहे की वाईट याचा यापेक्षा प्रामाणिक पुरावा मला माहीत नाही.

आणि एक गोष्ट बुटांच्या आधी. घोडा अचानक लंगडू लागला, खूर गरम लागतोय, फेटलॉकपाशी, म्हणजे पेस्टर्नच्या वरच्या सांध्यापाशी, नाडी जोरात उडतेय, किंवा तो पुढचे पाय पुढे ताणून सगळा भार मागे टाकून उभा राहतोय, तर तो लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या थराचा दुखरा दाह) किंवा खुरातला गळू असू शकतो. तेव्हा पशुवैद्य बोलवायचा. बुटांची खरेदी नंतर.

माप: इथे अर्धा तास द्या

खूर तासल्यानंतर एक ते तीन दिवसांत माप घ्या. ही अट मोडू नका. सहा आठवडे न तासलेला खूर टोकाला सेंटिमीटरभर लांब झालेला असतो आणि भिंत, म्हणजे खुराचं बाहेरचं कडक कवच, बाहेर पसरली असेल तर रुंदीतही काही मिलिमीटर फुगलेला असतो. अनेक बुटांच्या दोन साइझमधला फरकच चार-पाच मिलिमीटरचा असतो. यावरून चूक किती स्वस्तात होते ते लक्षात येईल.

लागेल काय? मिलिमीटरच्या खुणा असलेली ताठ पट्टी (स्टीलची असेल तर उत्तम), एक सरळ काडी किंवा पेन्सिल, हूफ पिक (खुरातली माती काढायचा आकडा), ताठ ब्रश, वही आणि घोडा धरायला दुसरा माणूस. कापडी टेप नको. ती फ्रॉगवरून, म्हणजे तळव्याच्या मधल्या त्या त्रिकोणी रबरासारख्या भागावरून, वाकते आणि माप वाढवून सांगते.

खूर उचला, माती काढून टाका, ब्रशने घासा. भिंतीची बाहेरची कड स्वच्छ दिसली पाहिजे.

रुंदी सोपी आहे. तळव्याचा सगळ्यात रुंद भाग शोधा, तो बहुतेक वेळा खुराच्या मध्याच्या आसपास असतो. भिंतीच्या एका बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. पट्टी थोडी पुढे-मागे सरकवत सगळ्यात मोठा आकडा घ्या.

लांबीत मात्र जवळजवळ सगळे पहिल्यांदा चुकतात. लांबी म्हणजे खुराच्या टोकापासून टाचेच्या त्या बिंदूपर्यंतचं अंतर जिथे भिंत शेवटची जमिनीला टेकते. टाचेच्या मागे जे दोन मऊ, मांसल गोळे दिसतात ते यात धरायचे नाहीत. दोन्ही टाचांच्या त्या शेवटच्या बिंदूंवर पेन्सिल आडवी ठेवा आणि टोकापासून पेन्सिलीपर्यंत फ्रॉगच्या मध्यरेषेवर मोजा. गोळ्यांपर्यंत मोजलंत तर माप इतकं वाढतं की बूट एक-दोन साइझ मोठाच येणार.

प्रत्येक खूर तीनदा मोजा. मध्ये पाय खाली टेकवा, घोड्याला श्वास घेऊ द्या. तीन आकड्यांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर चौथ्यांदा मोजा. चारही खुरांचं हेच करा, कारण डावा-उजवा सारखा असतोच असं नाही. पुष्कळ घोड्यांचा एक पुढचा खूर उभट आणि दुसरा पसरट असतो. माझ्या घोडीच्या दोन पुढच्या पायांत रुंदीचा तीन मिलिमीटरचा फरक आहे आणि तिला दोन वेगवेगळ्या साइझचे बूट लागतात. शक्य असेल तर बूट जोडीने न घेता सुटे घ्या.

शेवटी फोटो. पायाच्या समोरून, बाजूने आणि तळव्याचा बरोबर सरळ वरून. पट्टी खुरावर ठेवूनच तळव्याचा फोटो काढा. विक्रेत्याला सल्ला विचारायचा झाला तर हे फोटो आकड्यांपेक्षा जास्त सांगतात: भिंत पसरली आहे का, टाच किती उंच आहे, टोक किती पुढे धावलंय.

आकडे बोलतात काय

आता वहीत प्रत्येक खुरासमोर दोन आकडे आहेत. लांबीतून रुंदी वजा करा. उत्तर शून्याच्या आसपास असेल तर खूर गोल. लांबी पाच-सात मिलिमीटरने किंवा अधिक जास्त असेल तर खूर लांबट. रुंदीच जास्त असेल तर खूर पसरट, आणि मग भिंत बाहेर फाकली आहे का ते नालबंदाला किंवा ट्रिमरला, म्हणजे खूर तासणाऱ्याला, विचारा. पुढचे खूर साधारणपणे जास्त गोल असतात आणि मागचे टोकाकडे निमुळते. म्हणून पुढच्यांना छान बसलेलं मॉडेल मागच्यांना बसेल असं गृहीत धरू नका.

बुटांच्या तक्त्यात रुंदीचाही पल्ला असतो आणि लांबीचाही. समजा, खुराची रुंदी 124 आणि लांबी 134 मिलिमीटर आहे. तक्त्यात रुंदीनुसार तुम्ही तीन नंबरच्या साइझमध्ये बसता आणि लांबीनुसार पाच नंबरच्या. इथेच घोडं पेंड खातं. लोक मधली चार नंबरची साइझ घेतात. ती लांबीला घट्ट आणि रुंदीला सैल होते, म्हणजे दोन्हीकडून वाईट. दोन आकडे दोन लांबच्या साइझमध्ये पडत असतील तर ते मॉडेलच तुमच्या घोड्यासाठी नाही. त्याची साइझ बदलून आकार बदलत नाही. दुसरं मॉडेल बघा. काही ब्रँड एकाच मॉडेलच्या गोल आणि निमुळत्या अशा दोन आवृत्त्या काढतात, त्या याच कारणासाठी.

दोन लगतच्या साइझच्या सीमेवर असाल तर निर्णय बुटाच्या जातीवर आहे. खुराला हातमोज्यासारखे चिकटून बसणारे लवचिक बूट असतील तर लहान साइझ. व्हेल्क्रोने आवळायचे, आत पॅड (तळव्याखालची गादी) घालायचे बूट असतील तर मोठी. पॅड घालणार असाल तर ते मापाच्या आधी ठरवा. 6 मिलिमीटरचं पॅडसुद्धा खुराला बुटात वर उचलतं, बूट उथळ होतो आणि टाचेवरची पकड बदलते. 12 मिलिमीटरचं तर सगळं गणितच बदलून टाकतं.

कुठल्या जातीचा बूट

हूफ बूट ही काही आजची कल्पना नाही. रोमन काळात घोड्यांच्या आणि खेचरांच्या खुरांना पट्ट्यांनी बांधायच्या लोखंडी चपला होत्या, ज्यांना आज हिप्पोसँडल म्हणतात. एकोणिसाव्या शतकात घोड्याकडून हिरवळ कापायचं यंत्र ओढवून घेताना गवतावर नालेचे वळ उठू नयेत म्हणून त्याला चामड्याचे बूट घालत. 1970 च्या सुमारास अमेरिकेत ईझीबूट आला तेव्हा बरेच स्वार तो खोगिराला लटकवून नेत आणि वाटेत नाल निसटली तर स्टेपनीसारखा वापरत. बूट हाच घोड्याचा नेहमीचा पोशाख असू शकतो ही कल्पना त्यानंतर रुजली. पुढे कॅलिफोर्नियातली टेव्हिस कप ही एका दिवसात 100 मैलांची, म्हणजे साधारण 160 किलोमीटरची डोंगरी शर्यत 2012 साली चिकटवलेले बूट घातलेल्या घोड्याने जिंकली.

बाजारात नावं खूप आहेत, पण जाती मोजक्या.

पहिली जात घट्ट कवचाची. खुराला चिकटून बसणारं लवचिक प्लास्टिकचं किंवा रबरी कवच, मागे टाचेभोवती एक पट्टा किंवा कापडी गेटर, म्हणजे पायाभोवती गुंडाळायची पट्टी. ईझीबूट ग्लव्ह आणि ऑस्ट्रेलियातला स्कूट बूट या घराण्यातले. हलके असतात, वेगात टिकतात, स्कूट बुटाला पाणी निघून जायला भोकं असतात आणि व्हेल्क्रो नसल्याने चिखलाचं भय कमी. पण क्षमा करत नाहीत. खूर दोन-तीन मिलिमीटर वाढला की चढवताना घाम फुटतो. ज्याचे खूर नेमाने चार-सहा आठवड्यांनी तासले जातात, किंवा जो स्वतः कानस हातात घेऊन मधूनमधून कड गोल करतो, त्याच्यासाठी हे बूट उत्तम.

दुसरी जात उंच, भरदार बुटांची, ज्यांच्या आत खूर टाचेच्या गोळ्यांसकट जातो आणि वरून व्हेल्क्रो आवळतात. कॅनडाचा कव्हॅलो यात येतो. घालायला-काढायला सोपे, मापातला थोडा फरक खपवून घेतात, पॅडला जागा असते. मात्र बोजड असतात, वाळू-खडे आत शिरले की काढणं जिकिरीचं आणि वरची कड पेस्टर्नला, म्हणजे खुराच्या वरच्या निमुळत्या भागाला, घासू शकते. सावकाश ते मध्यम गतीच्या रपेटीला, नवशिक्या मालकाला आणि नाल नुकतीच काढलेल्या घोड्याला मी बहुधा हेच सुचवतो. नॉर्वेचा इक्वाइन फ्यूजन या जातीचा मऊ भाऊबंद. जॉगिंगच्या बुटासारखा वाकतो आणि ज्या घोड्यांचे खूर दरमहा आकार बदलतात त्यांना सोयीचा पडतो.

तिसरी जात रेनिगेडसारखी: पुढे कवच, मागे टाच धरणारा वेगळा भाग, दोन्ही सांध्याने जोडलेले. पाय वाकतो तेव्हा टाचेचा भाग सोबत हलतो, म्हणून घासणं कमी. जुळवाजुळव नाजूक असते. केबलची लांबी एकदा नीट बसवली की काम होतं, पण ती बसवायला चिकाटी लागते.

चौथी जात उपचाराच्या बुटांची. जाड, मऊ तळ, तबेल्यात किंवा छोट्या कुंपणात आराम देण्यासाठी. लॅमिनायटिसच्या घोड्याला पशुवैद्याच्या सल्ल्याने हे देतात. रपेटीसाठी ते बनवलेलेच नसतात, म्हणून "मऊ आहे, छान चालेल" म्हणत टेकडीवर घेऊन जाऊ नका.

चिकटवायचे बूट हा वेगळाच उद्योग आहे. खूर कोरडा आणि घासून स्वच्छ करून विशिष्ट गोंदाने लावायचे, काही दिवस ते काही आठवडे ठेवायचे. लांब शर्यत नसेल तर पहिल्या वर्षात त्याच्या वाटेला जाऊ नका.

आधी दोनच घ्या. घोड्याच्या वजनाचा साधारण 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो आणि पुष्कळ घोड्यांना पुढचे दोन बूट पुरतात. मागचे खूर रपेटीनंतर तपासत राहा. टोक चपटं झिजायला लागलं किंवा दगडावर मागचा पाय आखडला, तेव्हा मागचे घ्या.

नाल नुकतीच काढली असेल तर आणखी सावध राहा. पहिल्या काही महिन्यांत टाच रुंदावते, फ्रॉग भरतो, खिळ्यांच्या भोकांशी भिंत तुटते आणि खाली उतरते. खुराचं माप या काळात बदलणारच. महागडा, मापाला काटेकोर बूट याच काळात घेणं शहाणपणाचं नाही. वापरलेला, स्वच्छ, पट्टे शाबूत असलेला वरच्या दुसऱ्या, व्हेल्क्रोवाल्या जातीचा बूट मिळाला तर सोनं. काही विक्रेते चाचणीसाठी नुसती कवचं पाठवतात. त्यासाठी थोडी रक्कम मोजावी लागली तरी मोजा.

बूट आला: उभ्या घोड्यावरची तपासणी

बूट स्वच्छ असतानाच, शक्यतो गालिच्यावर किंवा रबरी चटईवर चढवून बघा. मळला तर परत घेणार नाहीत.

घट्ट जातीचा बूट हाताने थोडा जोर लावल्यावर चढला पाहिजे. लोण्यात सुरी जावी तसा गेला तर मोठा आहे. खूर पूर्ण आत बसल्याची खात्री करायची असेल तर पाय खाली टेकवून दुसरा पाय क्षणभर उचला, म्हणजे भार पडून तो खाली बसेल. मग बघा:

टोकाशी आत रिकामी जागा आहे का? बोट घालता येत असेल तर लांबी जास्त आहे.

दोन्ही बाजूंना कवच भिंतीला लागून आहे का? एका बाजूला फट आणि दुसरीकडे घट्ट असेल तर खूर वाकडा वाढलाय, बूट नाही.

पाय उचलून बूट दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे पिळा, दरवाज्याची मूठ फिरवतात तसा. किंचित हलणं ठीक. टोक खुराच्या मध्यरेषेवरून स्पष्ट सरकलं तर चालताना तो गरगरणार. माझ्या पहिल्या जोडीने हेच केलं असतं, मी पाहिलं नव्हतं इतकंच.

वरची कड कुठे येते? बुटक्या बुटाची कड केसांच्या रेषेच्या खाली राहिली पाहिजे. त्या रेषेवर सतत दाब आला तर नवा खूर जिथून तयार होतो तीच जागा दुखावते. पाय वाकवून गुडघ्यापर्यंत उचला आणि मागची कड पेस्टर्नमध्ये रुतते का ते पाहा. उभ्या पायावर छान दिसलेला बूट इथे नापास होतो.

टाचेचा पट्टा गोळ्यांच्या वर, खोलगट जागेत बसला पाहिजे. टाच फार उंच असेल तर तो वर सरकतो. टाच पुढे कोसळलेली असेल तर गोळे भलतीकडेच येतात आणि पट्टा हवेत लटकतो. दोन्हींवर इलाज खूर तासण्याचा, पट्ट्याचा नाही.

चालवून बघा

सगळी परीक्षा एका दिवसात उरकू नका. पहिल्या दिवशी हाताने धरून पंधरा-वीस मिनिटं चालवणं पुरे. घोडा पहिल्यांदा पाय उंच उचलत, सर्कशीतल्यासारखा चालेल. दहा मिनिटांत विसरतो. विसरला नाही, पाय झटकतच राहिला, तर काहीतरी टोचतंय.

आता ते चित्रीकरण पुन्हा करा. अनवाणी टोकावर टेकणारा पाय बुटात टाचेवर टेकू लागला असेल तर तुम्ही बरोबर वाटेवर आहात. बुटामुळे टोकाला लांबी वाढून घोडा ठेचकाळत असेल तर बूट लांब आहे किंवा खुराचं टोक तासायला आलंय.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुडकी, सरळ रेषेत आणि मोठ्या वर्तुळात, दोन्ही बाजूंना. वर्तुळात बूट फिरण्याची शक्यता सगळ्यात जास्त. मग चढ-उतार. चढावर टाच सैल असलेला बूट मागून निसटतो. उतारावर खूर पुढे सरकतो आणि टोक आदळतं. कॅन्टर, म्हणजे दुडकीहून वेगाची चाल, शेवटी. मागच्या पायाचं टोक पुढच्या पायाच्या टाचेला लागण्याची सवय असलेला घोडा बूट स्वतःच ओढून काढतो, त्याचा अंदाज याच टप्प्यावर येतो.

पाच मिनिटांनी, पंधरा मिनिटांनी आणि अर्ध्या तासाने थांबून बघा. बूट काढल्यावर खुराकडे नीट पाहा. भिंतीवर एका ठिकाणी चकचकीत पट्टा पडला असेल तर तिथे बूट घासतोय, म्हणजे आत हलतोय. केस उलटे झालेत, मोडलेत किंवा कातडी गुलाबी दिसतेय, तर दुसऱ्या दिवशी बूट नाही. नवी चप्पल चावल्यावर आपण पट्टी लावून तसेच चालत राहतो. घोड्याच्या बाबतीत हे करू नका. त्याची जखम मातीत आणि घामात असते.

घासण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. आत वाळू गेलेली असते, कातडी ओली होऊन मऊ पडलेली असते, किंवा पट्टा "निसटू नये" म्हणून गळा आवळल्यासारखा आवळलेला असतो. बूट धुवा, कोरडे करा, पट्टा एक भोक सैल करा. तरीही घासत असेल तर निओप्रीनचा मोजा किंवा गेटर लावून पाहा. मोज्यानेही थांबलं नाही तर बुटाचा आकारच चुकलाय, आणि मोजा फक्त ती चूक झाकतोय.

सगळं ठीक असेल तर दहा-बारा दिवसांत हळूहळू नेहमीच्या अंतरावर या. पहिल्या लांब रपेटीला एक जादा पट्टा आणि हूफ पिक खिशात ठेवा. पाण्यातून किंवा चिखलातून बाहेर आल्यावर खाली वाकून चारही पाय मोजायची सवय लावून घ्या. बूट गेल्याचं दोन किलोमीटर पुढे कळण्यापेक्षा हे सोपं आहे, हे अनुभवाने सांगतोय.

पकड किती हवी

डांबरावर रबरी तळ लोखंडी नालेपेक्षा चांगला धरतो. ओल्या गवतावर आणि चिकणमातीवर मात्र गुळगुळीत तळाचा बूट घसरतो आणि अनवाणी खूर कधीकधी त्याहून बरा ठरतो. काही बुटांना स्टड, म्हणजे पकडीसाठी तळाला लावायचे खिळे, लावता येतात. ते लावताना लक्षात ठेवा की खूर टेकताना किंचित घसरणं नैसर्गिक आहे, त्यात धक्का विरतो. पाय जमिनीला खिळल्यासारखा थांबला तर तो धक्का सांध्यांत जातो. बर्फाळ जमीन सोडली तर बहुतेकांना नक्षीदार तळ पुरेसा आहे.

स्पर्धेत उतरणार असाल तर त्या प्रकाराची नियमावली आधी वाचा. काही स्पर्धांत बूट चालतात, काहींत नाहीत, आणि रिंगणाच्या दारात हे कळण्यासारखं दुर्दैव नाही.

रोजचं आणि महिन्याचं

रपेट संपली की बूट काढा. बूट घालून रात्रंदिवस ठेवण्याची पाळी पशुवैद्याच्या सांगण्यावरून आलीच, तर दिवसातून दोनदा काढून खूर साफ आणि कोरडा करायचा. बंद, ओल्या बुटात फ्रॉग कुजायला वेळ लागत नाही, आणि तो काळा पडून वास मारू लागला की समजायचं, उशीर झाला. बूट उलटे करून सावलीत वाळवा. व्हेल्क्रोमधले गवताचे धागे जुन्या कंगव्याने काढा, नाहीतर ते बूट उघडून देतात.

डावा-उजवा, पुढचा-मागचा हे आतून मार्करने लिहा. एकसारखे दिसणारे बूट पायाप्रमाणे झिजतात आणि अदलाबदल झाली की घासू लागतात. तळ उलटून बघत राहा. टोकाशी नक्षी आधी जाते. एका बाजूला जास्त झीज दिसली तर फोटो काढून पुढच्या वेळी नालबंदाला दाखवा, तो खुराचा तोल वाचू शकतो.

बूट चढवताना अचानक जोर लागू लागला तर त्याला ठोकून बसवू नका. चार-पाच आठवडे झाले असतील तर खूर तासायची वेळ झालीय. तासूनही घट्टच असेल तर पुन्हा माप घ्या. अनवाणी घोड्याचा खूर पहिल्या वर्षात एक साइझ रुंद झाल्याचं मी एकाहून जास्त घोड्यांत पाहिलंय. म्हणून वहीतल्या प्रत्येक मापासमोर तारीख लिहिलेली असू द्या, आणि त्याखाली पुढच्या मापासाठी दोन ओळी मोकळ्या.